टोपी उचलेपर्यंत थांबायला शिकवणाऱ्या काकांस

ब्रिस्बेन

आदरणीय काका यांस,
सादर प्रणाम.

रोज कुंपणावरून हाक मारणारी शेजारीण आज पत्र, तेही उघडे पत्र, का लिहीत आहे असे आपल्याला वाटेल. परंतु आमच्या परसावर आपले जे ऋण आहे ते तोंडी ‘थँक्यू’ने फिटणारे नाही, आणि इथे नव्याने बाग लावणाऱ्या मराठी मंडळींच्याही ते कानावर पडावे, अशी माझी इच्छा आहे.

चार वर्षांपूर्वी हे घर घेतले तेव्हा मागच्या अंगणातले ब्लॅक सपोटेचे झाड मी तोडायलाच निघाले होते. त्याचे टोमॅटोएवढे हिरवेगार फळ कापून चाखले, तर कच्चे केळे सालीसकट चावल्यासारखी जीभ जड झाली. आणि घरात ठेवलेली उरलेली फळे आठवड्याभरात मऊ, मळकट झाली, तेव्हा ती सडली असे समजून मी खतात टाकू लागले. त्या दिवशी आपण कुंपणाशी येऊन म्हणालात, “अहो, ती पिकली आहेत.” मूळच्या मेक्सिकोकडच्या या झाडाचे कूळ आपल्या टेंभुर्णीचेच आहे, देठाची चार पाकळ्यांची टोपी फळापासून वर उचलली गेली की ते उतरवायचे, आणि सालीची चकाकी जाऊन बोट सहज रुतेपर्यंत त्याला सुरी लावायची नाही, हे सारे आपण तिथेच उभ्या उभ्या सांगितलेत. इथले लोक त्याला ‘चॉकलेट पुडिंग फ्रूट’ म्हणतात. रंगापलीकडे त्यात चॉकलेटचे काही आहे असे मला आजही वाटत नाही, कारण नुसता खाल्ला तर तो काळा गर सपक गोडच लागतो. मात्र आपण त्यात संत्र्याचा रस आणि चिमूटभर जायफळ घालून जी वाटी पुढे केलीत, तिने ते झाड वाचवले.

जाबुटिकाबाचे रोप तर आपण स्वतःच्या बागेतून मुळांच्या गड्ड्यासकट काढून दिलेत, कारण बी लावले असते तर फळासाठी आठ-दहा वर्षे सहज गेली असती. त्याची मुळे वरच्यावर असतात आणि त्यांना कोरडे पडलेले चालत नाही, म्हणून आपण बुंध्याभोवती उसाचे पाचट पसरलेत, रानटर्कीने ते एका रात्रीत उकरून आपल्याच वाफ्यात नेले, तरी न चिडता (कायद्याने संरक्षित पक्ष्यावर चिडून होणार तरी काय!) दुसऱ्या दिवशी जाळी आणि दगड घेऊन आलात. गेल्या वसंतात खोडावर पांढरी फुले फुटली आणि महिन्याभरात त्याच खोडाला काळी फळे चिकटली. पुण्याहून आलेल्या माझ्या आईने फणस खोडाला लागलेला पाहिला होता, जांभळाच्या कुळातले फळ तसे लागलेले मात्र कधीच नाही. फळ ओठांत दाबून गर आत ओढायचा आणि तुरट साल टाकायची, हे ती आपल्याकडूनच शिकली.

मिरॅकल फ्रूटचे पहिले रोप मात्र माझ्या हट्टाने गेले. त्याला आम्लधर्मी, भुसभुशीत माती हवी आणि थंडीत आडोसा हवा, म्हणून कुंडीतच ठेवा, असे आपण बजावले असूनही मी ते चिकणमातीत लावले. एका शब्दाने न दुखावता आपण दुसरे रोप दिलेत. त्याचे लाल बोर चघळून, त्यातले मिरॅक्युलिन (आंबट चव गोड भासवणारे प्रथिन) जिभेवर बसल्यावर मुलांनी आख्खे लिंबू संत्र्यासारखे खाल्ले, तेव्हा आपण त्यांच्याहून जास्त हसत होतात.

यंदाची ब्लॅक सपोटेची पहिली चार फळे कुंपणाच्या खांबावर टोपलीत ठेवली आहेत. टोप्या उचललेल्या आहेत, पण साल अजून चकाकते आहे. परवा सकाळपर्यंत थांबावे. जायफळ मी किसून ठेवते.

आपली नम्र,
कुंपणापलीकडची शेजारीण