छोटी ई-कार घेताना वॉरंटीचा कागद आधी वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या तुलना सगळीकडे छापून येतात. त्यात शोरूमची किंमत आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर, एवढे दोनच रकाने असतात. सांगली-मिरजेतला ग्राहक त्यावरच गाडी ठरवतो आणि बॅटरी किती वर्षं टिकेल, हा सगळ्यात मोठ्या पैशाचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आधी किमतीचं. बॅटरी मोजतात किलोवॅट-तासात, म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. गाडीच्या किमतीला या युनिटांनी भागून पाहावं. दर सारखे बदलतात, म्हणून गाड्या बाजारात आल्या तेव्हाच्या शोरूम किमती घेतो. एमजी कॉमेट २०२३ मध्ये ७.९८ लाखांना आली, बॅटरी १७.३ युनिटची, युनिटमागे सुमारे ४६ हजार. टाटा टियागो ईव्ही २०२२ मध्ये ८.४९ लाख, १९.२ युनिट; ४४ हजार. पंच ईव्ही २०२४ मध्ये १०.९९ लाख, २५ युनिट. तीही ४४ हजारच. पण ३५ युनिटची पंच १२.९९ लाखांपासून होती, म्हणजे युनिटमागे ३७ हजार. वरची दहा युनिटं फक्त दोन लाखांत मिळत होती. सगळ्यात स्वस्त गाडीत बॅटरी सगळ्यात महाग पडते, ती अशी.

बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेचंही गणित करून पाहावं. सप्टेंबर २०२४ मध्ये कॉमेट बॅटरीसह ६.९९ लाखांना होती, बॅटरीशिवाय ४.९९ लाख अधिक किलोमीटरला अडीच रुपये. वाचलेले दोन लाख रुपये ८० हजार किलोमीटरला संपतात. त्यानंतर भाडं चालूच. शिवाय दरमहा किमान किलोमीटरची अट आहे का, हे बॅटरी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्यावं.

आता वॉरंटी. टियागो आणि पंचच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, कॉमेटला ८ वर्षं किंवा १ लाख २० हजार, सिट्रोएन ई-सी३ ला ७ वर्षं किंवा १ लाख ४० हजार, अशी मुदत कंपन्यांनी दिली. यातलं जे आधी संपेल ते खरं. गावातल्या गावात महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला किलोमीटरची मर्यादा लागतच नाही. पण सांगली-कोल्हापूर रोज जाऊन येऊन शंभर किलोमीटर होतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३० हजार. म्हणजे कॉमेटची वॉरंटी चार वर्षांत संपली, टियागोची सव्वापाचला. 'आठ वर्षं' हे शब्द अशा माणसासाठी नाहीतच. आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी ती बदलून देणार, हा आकडा कागदावर नसेल तर बुकिंगचे पैसे देऊ नयेत. गाडी विकल्यावर दुसऱ्या मालकाला ही वॉरंटी लागू होते का, हेही त्याच वेळी विचारावं.

या छोट्या गाड्यांच्या बॅटरीत सहसा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असतात. ते दोन-दोन हजार वेळा पूर्ण चार्ज होऊ शकतात, त्यामुळे आपल्याकडे बॅटरी किलोमीटरने कमी आणि उन्हाने जास्त झिजते. सांगलीचा एप्रिल-मे चाळीस अंशांचा. म्हणून बॅटरी द्रवाने थंड होते की हवेने, हा रकाना तुलनेत हवाच. टियागो-पंचमध्ये द्रव आहे, ई-सी३ मध्ये हवा. दुपारी गाडी तापून आली की लगेच चार्जिंगला लावू नये. रात्री दहानंतर लावावी. एलएफपीचा आणखी एक स्वभाव: चार्ज उतरत असताना सेलचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि १५ टक्के दाखवणारी गाडी अचानक ५ वर येते. आठवड्यातून एकदा शंभर टक्के चार्ज केली की हिशेब जुळतो.

घरच्या चार्जिंगमध्ये बिघाड बहुतेक वेळा गाडीचा नसतो, वायरिंगचा असतो. ३.३ किलोवॅटचा चार्जर १४ ते १५ अँपिअर ओढतो, तोही सलग सात-आठ तास. गिझरच्या जुन्या सॉकेटवर लावला तर पिना काळ्या पडतात आणि सॉकेट वितळतो. मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की बंद पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. अर्थिंग कमकुवत असेल तर चार्जर लाल दिवा लावतो आणि गाडी सकाळी रिकामीच उभी असते. महिन्याला हजार किलोमीटरला सव्वाशे ते दीडशे युनिटं वाढतात. घरचा वापर २०० असेल तर बिल ३०० च्या वरच्या, महाग टप्प्यात जातं. हा खर्च तुलनेत कुणी धरत नाही.

आणि पूर. बॅटरीला 'आयपी ६७' असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि पाणी कित्येक दिवस हटलं नाही. तिथे हा शिक्का उपयोगाचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी निदान निम्मी चार्ज ठेवावी, पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की ती उंचावर न्यावी. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नये, चार्जरही लावू नये. उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावी. विम्यात बॅटरीत पाणी शिरल्याचं जादा संरक्षण आहे का, हे पावसाळ्याआधीच पाहावं.

आपल्या पुढच्या तुलनात्मक तक्त्यात युनिटमागची किंमत, वॉरंटीचे किलोमीटर, क्षमतेची टक्केवारी आणि बॅटरी थंड ठेवण्याची पद्धत असे चार रकाने वाढवावेत, ही विनंती.

आपला,
वाहनांचं इलेक्ट्रिक काम करणारा एक वाचक,
विश्रामबाग, सांगली