गाडीनं माणूस उडवला तर गुन्हा कोणावर? गडकरी साहेबांना नाशिकच्या एका ड्रायव्हरचं खुलं पत्र

मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री,

नमस्कार साहेब. मी नाशिकचा, पंचवटीत राहतो, बावीस वर्षं झाली टुरिस्ट गाडी चालवतोय. नाशिक ते मुंबई एअरपोर्ट, शिर्डी, वणी, त्र्यंबक, जे भाडं येईल ते. कसारा घाट धुक्यात, पावसात, रात्री अडीच वाजता, सगळ्या वेळी चालवून झालाय.

डिसेंबर २०२३ ला नागपूरला आयआयएमच्या कार्यक्रमात तुम्ही सांगितलं की ड्रायव्हर नसलेल्या गाड्या मी भारतात येऊ देणार नाही, ७०-८० लाख ड्रायव्हरांची रोजीरोटी जाईल. तो व्हिडिओ आमच्या स्टँडवर प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरला. बरं वाटलं, आभार मानतो. पण साहेब तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. उद्या एखादी मोठी कंपनी तुमच्यापुढं येऊन म्हणाली की आम्ही ड्रायव्हर लोकांना दुसरं काम देतो, ट्रेनिंग देतो, पगार देतो, तर मग काय, परवानगी द्यायची? रोजगाराचं कारण खरंच आहे, माझं स्वतःचं घर त्याच्यावर चालतं, पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की त्या मशीननं माणूस मारला तर पोलिस स्टेशनला कोणाला बसवणार?

१ जानेवारी २०२४ तुम्हाला आठवत असेल. नवीन न्याय संहितेत कलम १०६(२) आलं, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. देशभर ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, आमच्याकडं मनमाडजवळ पानेवाडीला टँकर उभे राहिले आणि नाशिकच्या पंपांवर ही रांग लागली. पुढं १ जुलैला बाकी कायदा लागू झाला, ते पोटकलम तेवढं थांबवलं. मी संपात होतो. जमाव मारून टाकेल या भीतीनं ड्रायव्हर पळतो हे मला माहितीये. तरी पण जखमी माणूस रस्त्यात टाकून पळणं हे पाप आहे, हेही मी तेव्हा स्टँडवर बोललो होतो आणि त्यावरून भांडणं झाली होती.

आता ऐका अमेरिकेत काय झालं. २ ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. एका बाईला आधी दुसऱ्या गाडीनं उडवलं, ती गाडी माणूस चालवत होता, तो पळाला. बाई जाऊन पडली क्रूझ कंपनीच्या विनाड्रायव्हर टॅक्सीच्या पुढं. ती गाडी धडकून थांबली, आणि मग तिच्या प्रोग्रॅमप्रमाणे साईडला घ्यायला परत निघाली, बाई खाली अडकलेली असताना. वीसेक फूट फरफटत नेलं. आमच्यातला कितीही नवशिका पोरगा असता तरी गाडीखाली माणूस आहे म्हटल्यावर ब्रेक सोडला नसता, चाक जागचं हललं नसतं.

पण मला जास्त राग येतो तो पुढच्या भागाचा. तिथल्या परिवहन खात्यानं सांगितलं की कंपनीनं आम्हाला पूर्ण व्हिडिओ दाखवलाच नाही, फरफटत नेल्याचा भाग नंतर दुसरीकडून कळला. परवाना त्याच महिन्यात निलंबित झाला. नोव्हेंबर २०२४ ला कंपनीनं खोटा रिपोर्ट दिल्याचं कबूल केलं आणि ५ लाख डॉलर दंड भरला. महिनाभरात तिची मालक जनरल मोटर्स म्हणाली की आम्ही आता या टॅक्सीत पैसे घालणार नाही, तोपर्यंत १० अब्ज डॉलरच्या वर घालून झाले होते. म्हणजे १० अब्ज खर्चणाऱ्याला ५ लाखाचा दंड. साहेब, अपघात झाल्यावर खरं लपवणं, याच्यासाठीच तर तुम्ही आमच्यासाठी दहा वर्षांचं कलम आणलं होतं ना?

त्याच्या आधी २०१८ ला ॲरिझोनात टेम्पी गावात उबरची टेस्टिंगची गाडी. रात्रीची वेळ, एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. सरकारी तपासात निघालं की गाडीच्या सेन्सरला ती साडेपाच सेकंद आधीच दिसली होती. साडेपाच सेकंद म्हणजे केवढा वेळ हे ड्रायव्हरला विचारा. पण कॉम्प्युटर ठरवत बसला, ही गाडी आहे, का आणखी काही, का सायकल. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस मधूनच रस्ता ओलांडू शकतो हे त्या सिस्टीममध्ये धरलेलंच नव्हतं, आणि गाडी उगाच धक्के मारत थांबू नये म्हणून ऐनवेळचा ब्रेक लागण्याची सोय बंद ठेवली होती. बाई गेली. नजर ठेवायला सीटवर बसवलेली जी ड्रायव्हर होती तिचं लक्ष मोबाईलमध्ये होतं, तिची चूक होतीच, तिनं गुन्हा कबूल केला आणि २०२३ ला तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहायची (प्रोबेशन) शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी गुन्हा लागला नाही, सरकारी वकिलांनी २०१९ लाच सांगून टाकलं. ब्रेक बंद ठेवायचा निर्णय ऑफिसात बसून ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी कोर्टात कोणी उभं राहिलं नाही.

तुम्ही म्हणाल हे तिकडचं झालं, आपल्याकडं असल्या गाड्या नाहीत. पूर्ण विनाड्रायव्हर नाहीत, पण अर्ध्या आल्यात. नवीन गाड्यांत ती सिस्टीम येते, स्वतः ब्रेक मारते, लेन धरून ठेवते. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात एका ओळखीच्या शेठची नवीन गाडी मी बदलीवर चालवत होतो, दिंडोरीच्या पुढं वणीच्या रोडला. रात्रीचे पावणेदोन. तुम्हाला माहिती असेल, नवरात्रात सप्तशृंगीला पायी जाणारी माणसं त्या रोडला रात्रभर असतात, अनवाणी, हातात झेंडे, कोणाच्या खांद्यावर लेकरू. साईडपट्टी संपली की ती डांबरावरच चालतात, दुसरं कुठं चालणार. समोरून काही येत नव्हतं म्हणून मी त्यांना जागा देत मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून थोडा उजवीकडं झालो. इंडिकेटर दिला नाही, अशा वेळी कोणीच देत नाही. तर स्टेअरिंग आपोआप डावीकडं ओढलं गेलं, त्या माणसांकडं. शेजारी बसलेल्यानं हात घालून ओढावं तसं. मी घट्ट धरून परत उजवीकडं घेतलं. सगळ्यात मागं हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी होती, तिच्या पदरापासून आरसा वीतभर गेला असेल, तिला कळलंही नाही, ती आपली देवीचं नाव घेत चालत राहिली. मी पुढं जाऊन गाडी बाजूला लावली आणि दहा मिनिटं उतरलोच नाही, हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी शेठ आणि मी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या पोरानं लॅपटॉप लावून बघितलं, म्हणाला काका सिस्टीम ओके आहे, तुम्ही इंडिकेटर न देता लाईन क्रॉस केली म्हणून तिनं परत लेनमध्ये आणलं. मग मॅन्युअल उघडून एक ओळ दाखवली, गाडीवर नियंत्रण ठेवायची जबाबदारी पूर्णपणे चालकाची. म्हणजे स्टेअरिंग ओढणार ती, आणि म्हातारीला काही झालं असतं तर आत जाणार मी.

जुलै २०२५ ला टेस्लानं मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं. मी भाडं घेऊन तिथून जातो तेव्हा पोरं फोटो काढत असतात. या कंपनीचे मस्क साहेब २०१९ ला गुंतवणूकदारांपुढं म्हणाले होते की पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे विनाड्रायव्हर टॅक्सी, रस्त्यावर असतील. २०२० आलं आणि गेलं, दहा लाखातली एक आली नाही. ज्या सिस्टीमला ते फुल सेल्फ ड्रायव्हिंग, म्हणजे गाडी पूर्ण स्वतः चालते, म्हणून विकत होते त्याच्या नावाला २०२४ ला 'सुपरवाइज्ड' शब्द जोडावा लागला, म्हणजे देखरेख तुमचीच. डिसेंबर २०२३ ला अमेरिकेत त्यांच्याच वीस लाखावर गाड्या ऑटोपायलटच्या, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टीमच्या, दुरुस्तीसाठी रिकॉल झाल्या. हे सगळं बघून माझं मत असं झालंय की यांना घाई आहे ती शेअर वर जायची, आणि रस्त्यावरचा माणूस त्यांच्या हिशोबात शेवटी येतो.

एक मात्र कबूल करतो. गुगलच्या घरातली वेमो म्हणून कंपनी आहे, तिच्या गाड्या अमेरिकेत काही शहरांत खरोखर विनाड्रायव्हर फिरतात आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे माणसापेक्षा जखमी करणारे अपघात कमी करतात. असतीलही. पण ते फिनिक्ससारखं शहर, रुंद रस्ते, पट्टे आखलेले, आधी सगळा नकाशा मोजून घेतलेला. आमच्याकडं नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा. रिक्षावाला पाय बाहेर काढतो तो त्याचा इंडिकेटर. हायवेला पुढचा ट्रकवाला उजवा दिवा लावतो तेव्हा कधी त्याला वळायचं असतं आणि कधी तो मला म्हणतो थांब, समोरून गाडी येतेय. कुठला अर्थ घ्यायचा हे रस्ता बघून कळतं. पिंपळगावला कांदा घेऊन निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. पौषात निवृत्तीनाथांच्या दिंड्या त्र्यंबकच्या रोडला. आणि २०२७ ला सिंहस्थ, २ ऑगस्टला पहिलं शाही स्नान, त्या दिवशी या शहरात किती माणूस पायी चालणार आहे ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

कंपन्या आपल्या देशातल्या अपघातांचा आकडा पुढं करतात, माणूस चुकतो म्हणून मशीन आणा. तुमच्याच खात्याचा २०२२ चा रिपोर्ट आहे, १,६८,४९१ माणसं मेली. त्यात जवळपास ४५ टक्के टू-व्हीलरवाले आणि २० टक्क्यांच्या आसपास पायी चालणारे. पन्नास हजार हेल्मेट नव्हतं म्हणून. ही माणसं साठ लाखाच्या गाडीतली नाहीत. त्यांना फुटपाथ पाहिजे, दिवे पाहिजेत, ट्रॉलीला रिफ्लेक्टर पाहिजे. औरंगाबाद रोडला ऑक्टोबर २०२२ ला पहाटे बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली, १२ जण गेले, त्या चौकातून मी आजही जाताना स्पीड आपोआप कमी करतो.

आता मुद्द्याचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती करून कलम २-बी घातलंय. संशोधन आणि नवीन प्रयोगासाठी केंद्र सरकार काही गाड्यांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. तुमचा शब्द आहे तोपर्यंत ठीक, पण मंत्री बदलतात, कलम तिथंच राहतं. म्हणून मागतोय की कोणत्याही कंपनीला ही सूट द्यायची झाली तर कुठल्या रस्त्यावर, किती दिवस, गाडी कोणाची, हे त्या रस्त्याच्या गावात मराठी पेपरात आधी छापलं पाहिजे. ब्रिटननं २०२४ ला कायदा केला, गाडी स्वतः चालत असताना काही झालं तर जबाबदार कंपनी, सीटवरच्या माणसावर ढकलायचं नाही. तसंच आपल्याकडं लिहून ठेवा. अपघाताचं रेकॉर्डिंग २४ तासांत पोलिसांना आणि मेलेल्याच्या घरच्यांना, पूर्ण, कापाकापी न करता. लपवलं तर १०६(२) मध्ये आमच्यासाठी जी दहा वर्षं लिहिली आहेत तीच कंपनीच्या डायरेक्टरला. आणि ती लेन ओढणारी सिस्टीम विकताना पायी चालणाऱ्यांच्या रस्त्यावर, रात्री, आपल्याकडं टेस्ट केली का याचं सर्टिफिकेट शोरूमच्या काचेवर लावायला सांगा.

सध्या महाराष्ट्रात कलम २-बी खाली कोणाला सूट दिली आहे का, दिली असेल तर कुठल्या रस्त्यावर, एवढं लेखी कळवा साहेब. उत्तर मराठीत पाठवा, स्टँडवर वाचून दाखवायचंय, आम्ही चाळीस जण आहोत तिथं.

आपला,
एक टुरिस्ट ड्रायव्हर,
पंचवटी, नाशिक