बोडीच्या कच्च्या रस्त्यावर भेटलेल्या त्या दोघांचे आभार

गेल्या शनिवारी बे एरियातली आम्ही मराठी मंडळी कॅलिफोर्नियातलं बोडी बघायला गेलो होतो. १८५९ मध्ये सोनं सापडल्यावर वसलेलं आणि खाणी आटल्यावर ओस पडलेलं हे गाव. तिथली घरं आजही पडू न देता, पण नवीही न करता जपली आहेत. फार सुंदर जागा आहे.

परतताना शेवटच्या तीन मैलांच्या कच्च्या रस्त्यावर टायर बसला. भाड्याच्या व्हॅनमध्ये स्टेपनी नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. त्यात आठ हजार फुटांवरच्या विरळ हवेनं सासूबाईंना धाप लागलेली.

मागून एक पिकअप ट्रक येऊन थांबला. त्यातले आजोबा काही न विचारता धुळीत आडवे झाले, टायरमधला खिळा उपसला, पंक्चर काढलं आणि स्वतःच्या कॉम्प्रेसरनं हवा भरली. आजींनी सासूबाईंना ट्रकमध्ये बसवून ब्लँकेट पांघरलं. फ्लास्कमधलं सूप ओतण्याआधी त्यांनी हातानं खुणावून विचारलं, "मांस चालतं?" नाही म्हटल्यावर ते बाजूला ठेवून गरम पाणी आणि सफरचंदाच्या फोडी दिल्या. भाषा येत नसताना त्यांना हे विचारावंसं वाटलं, हे सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. उलट ब्रिजपोर्टपर्यंत आमच्या मागोमाग आले, पेट्रोल पंपावर हवा पुन्हा तपासली आणि मगच वळले. गडबडीत नावं विचारायची राहिली. आजी-आजोबा, तुमचे मनापासून आभार. सासूबाई आता ठणठणीत आहेत.