गव्हर्नर साहेब, शुक्रवारच्या आकड्याशेजारी अजून एक आकडा द्या ना

मा. गव्हर्नर साहेब, रिझर्व्ह बँक, मुंबई
स.न.वि.वि.

दर शुक्रवारी तुमचा परकीय चलनसाठ्याचा आकडा येतो, टीव्हीवाले "इतके अब्ज डॉलर, चिंता नको" म्हणून मोकळे होतात, आणि मला हमखास थायलंड आठवतं.

१९९६ संपताना बँक ऑफ थायलंडकडे ३८ अब्ज डॉलर होते, सरकारचं बजेट वर्षानुवर्षं शिलकीत, जगभर वाहवा. गोम वेगळीच होती. डॉलरला साधारण २५ बात (बात म्हणजे थायलंडचं चलन) हा भाव बांधलेला, त्यामुळे कंपन्यांनी बिनधास्त आखूड मुदतीचं डॉलर कर्ज उचललं आणि ओतलं बँकॉकच्या बिल्डिंगांमध्ये. मग सट्टेवाले बात विकायला लागले तेव्हा तो भाव टिकवायला सेंट्रल बँक डॉलर विकत सुटली, आणि विकलेले डॉलर स्वॅप करून परत आणले, म्हणजे काही महिन्यांनी परत द्यायच्या बोलीवर. उसने दागिने घालून लग्नात मिरवावं तसा प्रकार! कागदावर तिजोरी भरलेली, देणी वजा केली तर ३ अब्जसुद्धा नाहीत. २ जुलै १९९७ ला बात सोडून द्यावा लागला, आणि तो २३ अब्जांच्या फॉरवर्डचा, म्हणजे पुढे द्यायच्या कबूल केलेल्या डॉलरचा, आकडा लोकांना कळला कधी, तर ऑगस्टमध्ये, आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) दारात आल्यावर. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५६ बातपर्यंत गेला, ५६ फायनान्स कंपन्या कायमच्या बंद झाल्या (५६-५६ हा निव्वळ योगायोग), शेअर बाजारातला एक बडा माणूस बँकॉकच्या फुटपाथवर गळ्यात पेटी अडकवून सँडविच विकत होता.

आपल्याकडे तारापोर समितीने रुपया भांडवली खात्यावर मोकळा करायचा, म्हणजे गुंतवणूक-कर्जाचा पैसा देशाबाहेर नेण्या-आणण्याची मोकळीक द्यायचा आराखडा दिला तो १९९७ च्याच मे महिन्यात, बात कोसळायच्या जेमतेम महिनाभर आधी, म्हणजे थोडक्यात वाचलो म्हणा.

आता आपला रुपया तसा बांधलेला नाही हे मान्य. तुम्ही लपवत नाही हेही मान्य, फॉरवर्डचा आकडा तुमच्या मासिक बुलेटिनमध्ये असतो, पण तोवर शिळा झालेला, आणि कुठल्यातरी तक्त्यात दडलेला. तो शुक्रवारीच साठ्याच्या शेजारी का नाही टाकत? सट्टेवाल्यांना आयतं कोलीत मिळेल असं तुमचे अधिकारी म्हणतील, पण साहेब, त्यांचे अंदाज आधीच बांधून झालेले असतात, अंधारात राहतो तो पोराची परदेशातली फी डॉलरमध्ये भरणारा बाप आणि हेजिंग न करता, म्हणजे डॉलरचा भाव आधी पक्का न करता, माल मागवणारा छोटा इंपोर्टर. एक जादा ओळ लागेल फक्त.

कळावे,
ठाण्यातला एक खातेदार