सदाशिव पेठेतल्या मित्रास

सांगली

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला आणि सविस्तर उत्तर लिहायचे ठरवले. स्पर्धा परीक्षेच्या पूर्वपरीक्षेची उत्तरतालिका आल्यापासून टेलिग्रामच्या प्रत्येक ग्रुपवर कटऑफचा नवा अंदाज येतो, तो पाहिल्याशिवाय झोप लागत नाही आणि पाहिल्यावर तर लागतच नाही, असे तू लिहिलेस. त्यातच कुणाच्या तरी स्टेटसवर निवडीचा गुलाल आणि जीपवरची मिरवणूक दिसते. पण मला सर्वांत जास्त लागले ते तुझे शेवटचे वाक्य : 'आता माझ्या हातात काहीच राहिलेले नाही.'

ज्युलियन रॉटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आयुष्यात जे घडते ते आपल्या करण्याने घडते, की नशीब आणि इतर माणसे ते ठरवतात, याविषयीची माणसाची धारणा तिच्यातून मोजली जाते. सूत्रे दुसऱ्यांच्याच हाती आहेत असे मानणाऱ्यांमध्ये चिंता अधिक असते, असे पुढे अनेक अभ्यासांत दिसून आले. आता स्वतःकडे बघ. जाहिरात कधी निघेल, परीक्षा पुढे ढकलली जाईल का, कटऑफ किती लागेल, यातले काहीही खरोखरच तुझ्या हाती नाही. अशा वेळी ग्रुप उघडून पाहणे ही एकच गोष्ट तुला करता येण्यासारखी उरते. म्हणून तू ती पुन्हा पुन्हा करतोस, आणि काहीतरी केल्याचे क्षणभराचे समाधान मिळून अस्वस्थता मात्र वाढलेली असते.

यात तुझा दुबळेपणा नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. कधी फळ मिळते, कधी मिळत नाही आणि केव्हा मिळेल ते कळत नाही, अशी सवय सर्वांत चिवट असते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून कधीच दाखवून दिले होते. त्यात २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरनी स्क्रीनवरचे पान खाली सरकवत गेले तरी कधी संपूच नये अशी रचना तयार केली. पान संपले की वाचणारा क्षणभर थांबतो आणि पुढे जायचे का ते ठरवतो. ते ठरवण्याची जागाच त्या रचनेने काढून घेतली. रास्किन यांनी पुढे याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला २०१८ चा एक प्रयोग मला तुझ्यासाठी फार मोलाचा वाटतो. १४३ विद्यार्थ्यांपैकी काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी १० मिनिटांपुरतेच वापरायला सांगितले. बाकीच्यांनी नेहमीसारखे वापरायचे होते. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातला एकटेपणा आणि नैराश्य कमी झाले. चिंता आणि आपले काहीतरी हुकते आहे ही भीती मात्र दोन्ही गटांत कमी झाली. दोन्ही गट आपल्या वापराची नोंद रोज पाठवत होते, त्या स्वतःवरच्या नजरेचाच हा परिणाम असावा, असे संशोधकांना वाटले. म्हणून मी तुला अ‍ॅप काढून टाकायला सांगत नाही. आपण ते किती वापरतो हे आधी फक्त बघ आणि नोंदव.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. सगळ्यांचेच बंद असल्यामुळे आपले काही हुकेल ही धास्ती कुणालाच राहत नाही. एकट्याने निग्रह करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे. तुझ्या खोलीतल्या दोघांशी आणि अभ्यासिकेतल्या शेजाऱ्यांशी बोलून बघ, तेही त्याच अंदाजांनी पोळलेले असणार.

छातीतली धडधड आणि जागरण एवढ्यावरही थांबले नाही, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोल. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते. घरी लगेच सांगायचे नसेल तर मला सांग. तू म्हणशील त्या दिवशी मी पुण्याला येईन.

तोवर एवढेच कर : रोज रात्री फोनमधल्या स्क्रीन टाइमच्या पानाचा फोटो मला पाठव. पहिला आजच पाठव, आकडा कितीही असो.

तुझाच,
अविनाश