फायलीत राहिलेले कागद

अमेरिकेत कौंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) मुख्य सरकारी वकील बहुतेक ठिकाणी निवडून येतो, त्यामुळे शिक्षा मिळवून देण्याचा लौकिक हेच त्याचे भांडवल. टेक्सासच्या विल्यमसन कौंटीत केन अँडरसन यांनी तो पुरेपूर कमावला आणि पुढे ते न्यायाधीशही झाले. त्यांनीच चालवलेला मायकल मॉर्टन खटला पाहा. पत्नीच्या खुनाबद्दल १९८७मध्ये मॉर्टनला जन्मठेप झाली. तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितले होते, की मारणारा 'राक्षस' होता, बाबा घरी नव्हते. आजीने हे तपास अधिकाऱ्याला कळवले, त्या संभाषणाची टंकलिखित प्रत तपासाच्या कागदांत होती. हिरवी व्हॅन घेऊन घराभोवती घुटमळणाऱ्या माणसाची शेजाऱ्यांनी दिलेली माहितीही होती. बचाव पक्षाला यातले काहीच मिळाले नाही. घराजवळ सापडलेल्या रुमालाच्या डीएनए चाचणीलाही पुढच्या सरकारी वकिलाने कित्येक वर्षे विरोध केला. चाचणी झाली आणि खुनी भलताच निघाला! मॉर्टन २०११मध्ये, जवळपास २५ वर्षांनी सुटला. हे कागद दडवल्याबद्दल अँडरसन यांना २०१३मध्ये दहा दिवस कैद (भोगली पाचच), ५०० डॉलर दंड. वकिलीची सनद मात्र गेली.

या प्रकरणानंतर झालेल्या कायद्यामुळे १ जानेवारी २०१४पासून टेक्सासमध्ये सरकारी वकिलाने काय काय दिले, याची नोंद खटल्याआधी दोन्ही बाजूंनी मान्य करावी लागते. आपल्याकडे पोलिसांनी जप्त केलेल्या, पण आरोपपत्रात न वापरलेल्या कागदांची यादी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितले आहे. ती यादी आरोपनिश्चितीपूर्वीच लेखी अर्ज देऊन मागावी.

– एक फौजदारी वकील, ठाणे