माउथवॉशच्या बाटलीवर घटकांचे प्रमाण छापले जावे : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

तोंडाला वास येतो म्हणून आम्हा दंतवैद्यांकडे येणाऱ्या अनेक रुग्णांनी त्याआधी एखादे माउथवॉश वापरून पाहिलेले असते, पण त्या बाटलीत नेमके काय होते हे त्यांना सांगता येत नाही. यात त्यांचा दोष नाही, कारण बाटलीच ते नीट सांगत नाही.

मुखदुर्गंधीचे मूळ बहुतेक वेळा पोटात नसून तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावरील पांढरट-पिवळसर थरात आणि हिरड्यांखालच्या फटींत प्राणवायूविना वाढणारे जिवाणू प्रथिने कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकयुक्त वायू सुटतात. झिंकचे क्षार या वायूंतील गंधक बांधून ठेवतात, सेटिलपिरिडिनियम क्लोराइड आणि क्लोरहेक्सिडिन जिवाणूंचे आवरणच फोडतात, तर नुसता पुदिन्याचा स्वाद घटकाभर वास झाकतो. दुकानात मात्र या सगळ्या बाटल्या एकाच फळीवर असतात आणि ताज्या श्वासाची हमी प्रत्येकीवर असते.

सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या माउथवॉशवर 2020 च्या नियमांनुसार घटकांची यादी असते. परंतु त्यांचे प्रमाण छापण्याची सक्ती नाही आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. सेटिलपिरिडिनियम क्लोराइड साधारण 0.05 ते 0.07 टक्के इतकेच वापरतात. म्हणजे ज्या घटकासाठी ग्राहक पैसे मोजतो, तोच नेमका या सवलतीत झाकला जातो.

क्लोरहेक्सिडिनची अडचण वेगळी आहे. त्याचे प्रमाण, बहुधा 0.2 टक्के, बाटलीवर असते आणि हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रश फिरवता येत नाही तेव्हा त्याला तोड नाही, कारण ते दातांना व तोंडाच्या अस्तराला चिकटून कित्येक तास काम करते. पण चिठ्ठी दोन आठवड्यांची असते आणि बाटली महिनोन्‌महिने चालू राहते. मग खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रशने न निघणारे तपकिरी डाग दिसू लागतात, किटण वाढते, जेवणाची चव बदलते. शिवाय, पालेभाज्यांतील नायट्रेटचे रूपांतर करून रक्तदाब आटोक्यात ठेवायला हातभार लावणारे जिभेवरचे उपयुक्त जिवाणूही त्यात मरतात.

यासाठी माझ्या दोन विनंत्या आहेत. क्लोरहेक्सिडिनची बाटली देताना ती किती दिवस वापरायची आणि टूथपेस्टनंतर अर्धा तास का थांबायचे (पेस्टमधील फेसाचा घटक तिचा परिणाम कमी करतो), हे ग्राहकाला मराठीत सांगण्याची सूचना आपल्या प्रशासनाने राज्यातील औषध विक्रेत्यांना द्यावी. प्रत्येक माउथवॉशवर जिवाणूनाशक घटकाचे आणि झिंकचे टक्केवारीतील प्रमाण ठळक छापण्याची सक्ती केंद्राच्या अखत्यारीत येते. तशी लेखी शिफारस राज्याने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे करावी.

आपला विश्वासू,
एक दंतवैद्य